टपावरचा ओरखडा

केनियातल्या किसुमूला गाड्या धुवायला थेट सरोवरात उतरवतात. ओबुरांनी आपली काळी गाडी गुडघाभर पाण्यात घातली आणि ती धुवायला मला, ओकेचला, सांगून स्वतः काठावर तळलेला मासा खात बसले. आदल्याच दिवशी थोरल्या भावाची शवपेटी याच गाडीच्या टपावर बांधून ते त्याला गावी पुरून आले होते.

"नवा रंग आहे, ओकेच. ओरखडा दिसला तर इथंच बुडवीन तुला!"

"रंगाचं मी बघतो, साहेब. तुम्ही काटे सांभाळा!"

कोरड्या धुळीला मी फडकं लावतच नाही. आधी नुसतं पाणी ओतलं, मग साबणाचं मऊ फडकं अलगद वरून खाली आणलं. टप लखलखला. एक रेघ नव्हती त्यावर.

काठाच्या पाण्यात वाळू असते, रंग खरवडते. म्हणून शेवटची बादली भरायला थोडा आत गेलो. मागे वळलो, तर पाण्यात गाडीचं प्रतिबिंब. त्यात टपावर शवपेटी होती.

झटकन वर पाहिलं. टप रिकामा. खाली पाण्यात पेटी होतीच, दोऱ्यांनी आवळलेली.

"साहेब," मी ओरडलो, "पेटी... पुरलीत ना?"

"म्हणजे काय! मीच माती लोटली."

पाण्यातल्या दोऱ्या सैल होत होत्या.

तेवढ्यात कर्र आवाज झाला. रिकाम्या टपाच्या मधोमध एक ओरखडा उमटला आणि हळूहळू माझ्या बाजूला सरकू लागला.