ओट्यावरची लिंबं

रॉसला पहिला संशय लिंबांचा आला.

सामोआत आठवडाभर नारळाच्या दुधात मुरवलेली मासळी खाऊन, तिच्यावर दोन लेख लिहून, काखेत एक कोरीव लाकडी परात घेऊन तो मेलबर्नमधल्या घरी परतला, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेच्या वाडग्यात लिंबं रचलेली. पिवळीधमक, सगळ्यांची देठं एकाच बाजूला. या घरात लिंबू लागायचं ते एक, आणि तेही फ्रिजच्या तळाशी अर्धं वाळलेलं सापडायचं.

दुसरा संशय वासाचा. ओव्हनमधून ताज्या पावाचा वास येत होता. इमोजनला पाव खायला आवडायचा. तो भाजताना तिला कुणी पाहिलं नव्हतं, निदान नवऱ्याने तरी.

रॉसने बूट काढले आणि तो आपल्याच घरात चोरासारखा हिंडू लागला. न्हाणीघरात टॉवेलांच्या गुंडाळ्या, हॉटेलात असतात तशा. त्याचा टूथब्रश गायब. पलंगावर इतक्या उशा की निजायला कुणाची तरी परवानगी काढावी लागेल. आणि मागच्या व्हरांड्यात, छोट्या टेबलावर, वाइनचे दोन ग्लास.

रॉस तिथल्या खुर्चीत बसलाच. म्हणजे असं आहे तर. आपण तिकडे डासांचे चावे सोसत मासळीची वर्णनं करतोय, आणि इकडे ही कुणाला तरी गरम पाव खाऊ घालतेय. ओळखीतल्या सगळ्या दाढीवाल्या फोटोग्राफरांना त्याने मनातल्या मनात एका रांगेत उभं केलं. मग पुरावा म्हणून एक ग्लास उचलायला गेला, तर तो उचलेना. बुडाशी चिकट गोळा लावून टेबलाला डकवला होता. वाऱ्याने पडू नये म्हणून.

परपुरुष असता तर बरं झालं असतं, असं रॉसला वाटून गेलं. वाइनचे ग्लास टेबलाला चिकटवणारी माणसं एकाच धंद्यात सापडतात, आणि त्या धंद्यावर या नवरा-बायकोचं घर चालत होतं. विकायला काढलेली घरं इमोजन सजवायची. फिरणं नसेल तेव्हा रॉस त्या घरांच्या जाहिराती लिहायचा. शनिवारी गिऱ्हाइकं अर्धा तास घर बघून जात, महिन्याभराने घरापुढच्या फुटपाथवर उभ्या उभ्या लिलाव होई. त्या अर्ध्या तासात गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, की आपण इथे राहायला आलो तर सुखी होऊ. लिंबं, पाव, दोन ग्लास, ही सगळी त्याचीच तजवीज.

"आलास?" इमोजन दारात उभी होती, हातात निलगिरीच्या फांद्या. "ऊठ आधी तिथून. उशी दबते."

"कोण येतंय?"

"मासिकवाले. कलावंतांच्या घरांवर विशेषांक काढतायत. चांगलं खाणारी, भरपूर फिरणारी जोडपी हवी होती त्यांना. म्हटलं, आपण आहोतच."

रॉसचा जीव भांड्यात पडला. "अगं, मग फोनवर सांगायचंस ना! केस कापून आलो असतो."

"तुझे केस कोण बघतंय?"

"बरं, ही परात कुठे ठेवू? एका म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने कोरलीय."

"गॅरेजमध्ये."

"मासिकाला असलंच काहीतरी लागतं, इमी. प्रवासाची खूण म्हणून."

"गॅरेजमध्ये, रॉस."

परात घेऊन तो निघाला आणि बोळात थांबला. तिथल्या भिंतीवर फोटो नव्हते. लग्नाचा नव्हता, होबार्टच्या सहलीचा नव्हता, तिचे वडील बोटीवर झोपलेले तो नव्हता. खिळेसुद्धा नव्हते. भोकं बुजवून वरून रंग मारला होता, आणि बोट लावलं तर ते किंचित चिकटत होतं.

मासिकाला घरात माणसं लागतात. विकायच्या घरात माणूस दिसता कामा नये, गिऱ्हाइकाला भिंतीवर स्वतःचे चेहरे दिसले पाहिजेत. हे त्याला इमोजननेच शिकवलं होतं, ओळख झाली त्याच आठवड्यात. तेव्हा ते त्याला फार खोल वगैरे वाटलं होतं.

तो परत व्हरांड्यात आला. "मासिकवाले येणार असते तर तू फोटो दुप्पट लावले असतेस."

इमोजन फांद्या लावत राहिली. एक आखूड केली, एक फेकून दिली.

"एजंट गुरुवारी येतोय," ती म्हणाली. घर वडिलांकडून तिच्या एकटीच्या नावावर आलं होतं, त्यामुळे रॉसच्या सहीचा प्रश्न नव्हता.

"मला कधी सांगणार होतीस?"

"तुझं लिहून झाल्यावर. मासिकासाठी म्हणून तू घराबद्दल छान लिहिलं असतंस, मी तेच जाहिरातीला वापरलं असतं. तुझ्याइतकं चांगलं इथे कुणी लिहीत नाही, हे मी मनापासून सांगतेय." तिने एक वाळकं पान खुडलं. "फक्त, ज्या घरात तू राहत नाहीस त्याबद्दलच तुला चांगलं लिहिता येतं. तसं बघितलं तर हेही चालून जाईल."

रॉसला बरीच उत्तरं सुचली. त्यातली दोन तर छापण्याजोगी होती. आरडाओरडा करावा, परात आपटावी, निदान खाली बसून रडावं, असंही त्याच्या मनात आलं. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"किती शब्द?"

"शंभर," इमोजन म्हणाली. "आणि विकण्याचं कारण लिहायचं नाही."

"ते मला कुठे माहितीय?"

"तेच तर."