एक्केचाळीस नंबर

मधुमेहींची किडनी बिघडणार हे कित्येक वर्षं आधी सांगणारी रक्ताची नवी तपासणी लॅबमध्ये आली. ती कितपत खरी हे बघायला लॅब सांभाळणाऱ्या ताईंनी दहा वर्षांपूर्वी फ्रीजरमध्ये ठेवलेल्या, मधुमेही पेशंटांच्या रक्ताच्या नळ्या काढल्या. त्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. ज्यांची किडनी पुढे निकामी झाली, ते सगळे मशीनने बरोब्बर पकडले.

"एक्केचाळीस तर सगळ्यात आधी सापडला असता," लॅबचे साहेब खुशीत म्हणाले. "ताई, तुमचा चेहरा का उतरला?"

दहा वर्षांपूर्वी रक्त गोळा करताना एक पेशंट कमी पडत होता, म्हणून एक्केचाळीस नंबरला ताईंनी आपल्या आईलाच बसवलं होतं. पुढे डायलिसिसला पडल्यापडल्या आई विचारायची, "आधी नसतं का गं कळलं?"

 

"रक्तात काही असतं," ताई दर वेळी सांगायच्या, "तर मी सोडलं असतं का?"