पडलेली झाडं
वनशास्त्रज्ञ बाईंच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. ‘पडलेली झाडं उचलून न्या, नव्या रोपांना जागा मिळेल’ ही त्यांची तरुणपणची शिफारस जंगलाजंगलांत लागू झाली होती आणि तिच्यावरच त्यांचं नाव झालं होतं. तरी ती पारखायला त्या सव्वीस वर्षं जंगलाच्या दोन तुकड्यांतली रोपं मोजत राहिल्या. एका तुकड्यातले ओंडके उचलले जात, दुसऱ्यातले तसेच पडून राहू दिले जात. शेवटच्या मोजणीचा तक्ता आला, तेव्हा ओंडके पडून होते तिथेच चौपट रोपं जगलेली दिसली. “मॅडम, हे तुमच्या निवृत्तीनंतर छापू या,” सहकारी चाचरत म्हणाली. “आपल्याच हाताने पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा?” बाई तक्ता घेऊन तडक जंगलात गेल्या. इतकी वर्षं त्यांच्या शब्दाखातर ओंडके ओढणारे वनरक्षक तिथे एकटेच एका कुजक्या खोडावर टेकले होते. “माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. “तुमची सगळी मेहनत पाण्यात गेली.” वनरक्षकांनी तक्ता नीट पाहिला. “मला दहा वर्षांपूर्वीच वाटलं होतं, बाई. असल्या खोडांवरच रोपं तरारतात.” “मग बोलला का नाहीत?” “तुम्ही मोजत होतात ना. म्हटलं, मोजता मोजता कळेलच.” बाई त्यांच्या शेजारी बसल्या. कागद उलटा करून त्यांनी शोधनिबंधाचं पहिलं वाक्य लिहिलं, ‘माझी शिफारस चुकीची होती.’ मग लेखक म्हणून आपल्या नावाशेजारी लिहायला त्यांनी वनरक्षकांचं पूर्ण नाव विचारलं. सव्वीस वर्षांत ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.