शेवटची रांग

विषमतेवर हयातभर संशोधन केलेल्या प्राध्यापिकेचा सत्कार होता. लेकीला भाषण करताना एकदा तरी डोळे भरून पाहावं, म्हणून तिच्या ठेंगण्या आईने दार उघडल्या उघडल्या पहिल्या रांगेतली खुर्ची पटकावली होती.

पण लेक व्यासपीठावर चढेचना. “वर बसून समानतेच्या गप्पा कशा मारू? मी शेवटच्या रांगेतूनच बोलणार,” असं म्हणून ती थेट मागे जाऊन बसली.

संयोजकांची पळापळ झाली. सत्कारमूर्तीकडे पाठ करून बसायचं कसं? त्यांनी सगळ्यांना उठवून खुर्च्या जागच्या जागी उलट्या फिरवल्या आणि माइक, हार, शाल सगळं मागे नेलं. व्यासपीठावरचे पाहुणेही लगबगीने उतरून तिच्या आजूबाजूला जाऊन बसले. लेक समाधानाने बोलायला उभी राहिली.

“आता कसं! आज इथे कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरला, तसा पार मागून, उंच माणसांच्या पाठींआडून आईचा आवाज आला.



“अगं, आधीची विषमताच बरी होती! निदान तू दिसली तरी असतीस!”