पावडरीचा गुण

"वहिनी, डबा जरा वर धरा. आणि हसा की!" पावडरवाल्याने मोबाइल समोर धरला.

ती हसली. हातात एन्झाइमच्या पावडरीचा डबा, मागे कोंबड्यांच्या पिंजऱ्यांची रांग, आणि अंडी इतकी की ट्रे पुरेनात. डबा रिकामा होता. तो कसा रिकामा झाला, हे एकट्या तिलाच ठाऊक.

"जादू नाही यात," पावडरवाला म्हणाला. "दाणा पचायला हातभार लागतो. खाल्लेलं अंगी लागतं."

"मी थोतांड समजत होतो!" नवऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "शेड विकायलाच काढली होती. हिला शब्द दिलेला, या खेपेला अंडी वाढली नाहीत तर सगळं मोडायचं आणि शहरात लेकीजवळ जाऊन राहायचं. शिकायला आजोळी ठेवलीय ना तिला."

तो शब्द मिळाला त्या दिवसापासून पावडर खाद्यात गेलीच नव्हती. ती रोजचं माप काढायची, मागच्या खताच्या ढिगात टाकायची आणि वरून फावडं फिरवायची. लबाडीच ती! पण शेड गेली की लेक मिळणार, याच्यापुढे तिला काही दिसत नव्हतं.

फक्त कोंबड्यांकडे बघवेना. मुक्या जिवांच्या तोंडचं काढून घेतलं, ही बोच काही जाईना. म्हणून मग ती पाण्याच्या नळ्या घासायला लागली. साचलेलं शेवाळ काढलं, उन्हाने तापलेलं पाणी ओतून देऊन गार भरलं, छपरावर ओली पोती टाकली. पाप फेडायला, दुसरं काय! आणि या मेल्या सुटल्या की अंडी घालत.

आता खरं सांगावं तर पावडर कुठे गेली तेही सांगावं लागणार. गप्प बसावं तर शेड गळ्यात. इकडे आड, तिकडे विहीर.

"काही म्हणा, वहिनींच्या हाताला गुण आहे," पावडरवाला म्हणाला. "खाद्यात तुम्हीच कालवायचात ना?"

"हो. मीच."

"आता दुसरी शेड टाकतोच," नवरा म्हणाला. "आणि पोरीला इकडेच घेऊन येऊ. शाळा काय, इथेही आहे. तुझ्या हाताखाली तयार होईल."

तिने डबा खाली ठेवला.

"तिला नको."

"का?"

"तिला... तिला हा वास सहन होत नाही."

"सवय होते गं," नवरा हसला. "तुला नाही झाली?"

पावडरवाला नवे डबे उतरवून गेला. नवरा दुसऱ्या शेडची जागा बघायला मागे गेला. ती तिथेच उभी राहिली. आजपासून नळ्या घासायच्या नाहीत, तिने ठरवलं. गार पाणी नाही, पोती नाही. बसा बोंबलत! अंडी घटली की सुटलो आपण, मी आणि पोरगी.

दुपारी पत्रा तापला. कोंबड्या चोची वासून धापा टाकायला लागल्या. गजांतून माना बाहेर काढून सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"बघू नका गं माझ्याकडे," ती म्हणाली. "हात जोडते, बघू नका."

आणि तिने बादली उचलली.