यंदा कोणी गायचं नाही

सत्तरीतला रॉकस्टार काझामा हल्ली दरवर्षीच्या कार्यक्रमात गाता गाता मध्येच माइक आमच्याकडे वळवायचा आणि उरलेलं कडवं अख्खं ओसाका गायचं.

"आळशी झालाय म्हातारा. तिकीट काढून गायचंही आपणच?" माझी मैत्रीण मित्सुए कुरकुरायची.

"अगं, माया आहे ती त्याची," मी म्हणायचे.

चाहत्यांत यावरून उभे दोन तट पडले होते. शेवटी एक गोष्ट मात्र सगळ्यांना पटली. यंदा कोणी गायचं नाही, फक्त त्याचाच आवाज ऐकायचा.

कार्यक्रमाच्या रात्री गाता गाता त्याने माइक वळवला. सगळं सभागृह आदराने गप्प बसलं. हात तसाच पुढे धरून तो आमच्याकडे बघत राहिला.


शेवटी गिटारवाल्याने जवळ जाऊन काझामाच्याच गाण्याची पुढची ओळ काझामाच्या कानात सांगितली.