अर्धं पाऊल

पस्तीस वर्षांत भिंगकाकांनी दुरुस्त केलेला कॅमेरा तक्रार घेऊन परत आला, तो हा पहिलाच. एका डोळ्याला कायम भिंग लावलेलं, म्हणून हे नाव. आणि कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, हा लौकिक.

"चारही फोटो अंधुक आलेत, काका," मुलगी चाचरतच म्हणाली.

तिने फोटो काउंटरवर मांडले. चारही तिच्या आईचे, घरातल्या पडद्यापुढे काढलेले. पडदा असा स्वच्छ आला होता की शिवणीचे टाके मोजून घ्यावेत. आईचा चेहरा मात्र धुक्यात.

"शक्य नाही," भिंगकाका म्हणाले. "मी स्वतः रीळ घालून तपासलाय."

"बाबांच्या हातून असं कधी झालं नाही."

हे जरा झोंबलं. पण मुलगी भांडायला आली नव्हती. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. मोबाइल समोर धरला की आई तोंड फिरवायची. ह्यांच्याच कॅमेऱ्याने काढ, नाहीतर राहू दे, म्हणायची. मुलीला आईचा एक धड फोटो हवा होता, आणि तो आत्ताच हवा होता. आई दिवसेंदिवस हलकी होत चालली होती.

"अगं, त्यांना नको बोलूस," स्टुलावर बसलेली आई म्हणाली. "माझंच थोबाड म्हातारं झालंय. कॅमेरा बिचारा काय करणार!"

काकांनी कॅमेरा उचलून मुलीच्या हातात दिला. "उठा ताई. तिकडे उभ्या राहा, दाराच्या उजेडात. आणि तुम्ही काढा फोटो, माझ्यासमोर. बघू तर खरं."

आई उभी राहिली, केसांवरून हात फिरवला. मुलीने कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. या खिडकीत माणूस दोनदा दिसतं. दोन्ही एकात एक मिसळेपर्यंत लेन्सची कडी फिरवायची, की नेम बसला. मुलीने दोन्ही आया नीट जुळवल्या.

"झालं. तयार?"

आई हसली. कळ दाबली गेली.

भिंगकाका कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. ते जमिनीकडे बघत होते.

"ताई, तुम्ही हललात."

"मी? छे हो! खांबासारखी उभी आहे की."

"मघाशी फरशीची रेघ तुमच्या टाचेखाली होती. आता ती मागे राहिली. अर्धं पाऊल पुढे आलात."

आईने खाली वाकून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. सत्तरीच्या गालांवर चक्क लाली आली.

"अगं बाई! सवय हो, दुसरं काय. हे नेम धरायचे आणि मग म्हणायचे, जरा जवळ ये. चाळीस वर्षं, दर फोटोला. पोरांना नाही कधी बोलावलं, त्यांच्यासाठी स्वतःच पुढे सरकायचे. मला मात्र बोलवायचे. एरवी तोंडातून एक गोड शब्द निघेल तर शपथ! पण कॅमेरा हातात आला की, जरा जवळ ये."

भिंगकाकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅमेरा त्यांच्याकडे आला, तेव्हा खिडकीत माणूस जुळलं तरी लेन्सचा नेम अलीकडेच पडत होता. बरोबर अर्धं पाऊल अलीकडे. दोष जुना होता, कारखान्यातून आला तेव्हापासूनचा असावा. स्क्रूवरचा रंगसुद्धा कुणी खरवडलेला नव्हता, म्हणजे आजवर तो कुणी उघडलाच नव्हता. त्यांनी दोन संध्याकाळी खपून तो दोष काढून टाकला होता. म्हणजे तो गृहस्थ कॅमेऱ्याची उणीव बायकोच्या अर्ध्या पावलाने भरून काढत होता, आणि बाई अजून त्या सवयीने पुढे येत होत्या.

चूक आपली नाही, हे कळल्यावर त्यांना राहवेना. "त्याचं काय आहे ताई, हा कॅमेरा मुळात..."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर त्यांनीच लिहिलं होतं, 'नेम अलीकडे पडत होता, सुधारला.' ती चिठ्ठी तिने वाचली होती, आणि तिलाही आत्ताच उमगलं होतं. तिने हळूच मान हलवली. नको. काकांच्या पुढच्या चार शब्दांत आईचा चाळीस वर्षांचा लाड नुसती कॅमेऱ्याची खोड ठरला असता. मुलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

भिंगकाकांनी डोळ्यावरचं भिंग काढून काउंटरवर ठेवलं.

"मुळात चांगला होता," ते म्हणाले. "मीच बिघडवला. चूक माझी. ठेवून जा, होता तसा करून देतो."

हे वाक्य या दुकानात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. काकांचे कान तापले. मुलीला वाटलं, या माणसाच्या पाया पडावं.

आई काउंटरपाशी आली. मुलीच्या हातून तिने कॅमेरा घेतला आणि दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही कशाला भलतं अंगावर घेता, भाऊ? हा पहिल्यापासून असाच. मला काय माहीत नाही? लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मी म्हटलं, अहो, दुरुस्तीला टाका तो, मला दर वेळी काय नाचवता! नको म्हणाले."

"का?" मुलीने विचारलं.

"मीही तेच विचारलं," आई म्हणाली. "तर लेन्स पुसत बसले. चांगला अर्धा तास."